साडेदहाचा उपग्रह, सहाची ओहोटी

चारकोपमध्ये म्हाडाचे सेक्टर संपतात आणि पश्चिमेला खाजण सुरू होतं. आधी तिवरांचा दाट पट्टा, मग चिखल, त्यापलीकडे मनोरी-गोराईची खाडी. जागतिक बँकेच्या मदतीने 1985 मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात इथे 25 चौरस मीटरचेही भूखंड पाडले गेले. माणसांची जागा इतकी काटेकोर मोजणाऱ्या या वस्तीशेजारच्या खाजणाची मोजणी मात्र फार उशिरा सुरू झाली.

तिला कायद्याचं बळ मिळालं ते मुंबई उच्च न्यायालयामुळे. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर 6 ऑक्टोबर 2005 रोजी न्यायालयाने राज्यभर कांदळवनतोडीला मनाई केली, भोवतालच्या 50 मीटरांत बांधकामाला बंदी घातली आणि नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राचे उपग्रह-नकाशे मागवले. अंतिम निकाल 17 सप्टेंबर 2018 रोजी आला. जमीन कोणाच्या नावावर आहे यापेक्षा तिच्यावर तिवर आहे का, हा प्रश्न मोठा ठरला. आकाशातून घेतलेल्या प्रतिमेचं याहून मोलाचं काम मला तरी ठाऊक नाही.

हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जोरात परत फेकतं. पाणी तो गिळून टाकतं. त्यामुळे प्रतिमेत तिवर उजळ आणि खाडी काळी उमटते. अडचण बारकाव्याची आहे. भारतीय वन सर्वेक्षण ज्या लिस-3 कॅमेऱ्याच्या प्रतिमा वापरतं, त्यातला एक ठिपका 23.5 मीटर लांब-रुंद असतो. म्हणजे चारकोपचे 25 चौरस मीटरचे 22 भूखंड एका ठिपक्यात मावतात. रात्री कोणी दोन ट्रक राडारोडा टाकून गेलं, तर तो या प्रतिमेत दिसणार नाही.

त्याहून मोठी अडचण चिखलाची. निवटी, चिंबोऱ्या, कालवं सापडतात ती पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन. किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीला, मुंबईचं पाणी चार मीटरहून अधिक वर-खाली होतं, म्हणजे सर्वांत खोल ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहा-साडेसहाला लागते. आणि लँडसॅट, सेंटिनल-2 यांसारखे प्रकाशावर चालणारे उपग्रह मुंबईवरून जातात सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास! त्या वेळी ओहोटी हवी असेल तर षष्ठी-सप्तमी गाठावी लागते, आणि तेव्हा भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, दिवस जवळ आलेले असतात, पाणी फारसं ओसरत नाही. वर्षानुवर्षं प्रतिमा गोळा केल्या तरी उधाणाच्या ओहोटीला उघडा पडणारा खालचा चिखल त्यांत पाण्याखालीच राहतो. मुंबईचं पाणी इतकं गढूळ की वरून तळही दिसत नाही. नकाशात तिथे नुसतं ‘पाणी’ लिहिलं जातं आणि कोळणीचं रोजचं शेत कागदावरून नाहीसं होतं.

यावर उपाय आहे, आणि तो आपल्याकडेच आहे. रडार-उपग्रहांना ना सूर्य लागतो, ना पावसाळ्यातल्या ढगांची अडचण होते. इस्रोच्या, आता बंद झालेल्या, रिसॅट-1 (2012) ची कक्षा सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाची होती; इस्रोचा ईओएस-04 (2022) आणि युरोपचा सेंटिनल-1 यांचीही तशीच आहे. म्हणजे नेमकी अमावस्या-पौर्णिमेच्या ओहोटीची वेळ! पंचांग समोर ठेवून त्या दिवसांच्या रडार-प्रतिमा निवडल्या, तर चारकोप ते गोराईचा चिखल कुठवर पसरला आहे याची रेषा काढता येईल. ओला चिखल आणि शांत पाणी रडारला कधीकधी सारखंच भासतं, म्हणून ती रेषा खाडीत उतरणाऱ्या माणसांकडून तपासून घ्यावी लागेल.

हे काम आता घाईचं आहे. वर्सोवा-भाईंदर किनारा मार्गाचे जुळे बोगदे मालाडहून येऊन चारकोपला बाहेर पडायचे आहेत आणि पुढचा टप्पा गोराईकडे जायचा आहे. त्यासाठी तोडायच्या तिवरांची गणती होते, बदल्यात झाडं लावण्याची अट येते. चिखलाच्या बदल्यात काय देणार, हे विचारायला आधी तो नकाशावर असायला हवा. म्हणून खाडीच्या प्रत्येक नकाशावर प्रतिमेच्या तारखेशेजारी त्या घटकेची पाण्याची उंचीही छापली पाहिजे, आणि कोळीवाड्यांत वाचता यावी म्हणून तिथीसुद्धा.