छपरावरच्या छत्रीचं समीकरण

झरी जामणीत घराच्या छपरावर टीव्हीची छत्री बसवणारा कारागीर समीकरण मांडत बसत नाही. हातात पाना आणि घरातून 'आलं, आलं!' अशी आरोळी, एवढ्यावर त्याचं भागतं. समीकरण कारखान्यातच पत्र्यात दाबून आलेलं असतं.

केबलवाल्याची जुनी आठ फुटी गोल छत्री कुठे गंजत पडली असेल, तर टेप घेऊन जा. काठापासून काठापर्यंत दोरी ताणायची आणि मधोमध खोली मोजायची. समजा, व्यास २४० सेंटिमीटर आणि खोली ४० भरली. व्यासाचा वर्ग ५७,६००. त्याला खोलीच्या सोळा पटीने, म्हणजे ६४० ने भागलं की येतात ९०. तळापासून ९० सेंटिमीटरवर या छत्रीची नाभी. समोरून आलेल्या लहरी कुठेही आदळोत, गोळा तिथेच होतात, म्हणून त्या पकडणारा एलएनबीही तिथेच.

यामागचं सूत्र दहावी-बारावीतल्या अन्वस्ताचंच, फक्त एक अक्ष वाढलेला: उंची = (क्ष² + य²) ÷ (४ × नाभीअंतर). यातला य² खोडून टाका, वाटीची पन्हाळ होते. उटीची १९७० ची रेडिओ दुर्बीण तशीच आहे, ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. तिच्यामागे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप होते.

पुढे जुन्नर तालुक्यात खोडदजवळ त्यांनी ४५ मीटर व्यासाच्या तीस छत्र्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारली. नाभीअंतर १८.५४ मीटर, वरचंच गणित केलं तर खोली ६.८३ मीटर येते, जवळपास दुमजली घराएवढी. एवढी अखंड पत्र्याची वाटी वाऱ्याला शिडासारखी सापडली असती, आणि तिला पेलणारं लोखंड परवडलं नसतं. स्वरूपांची खरी हुशारी इथे दिसते. त्यांनी समीकरण फक्त १६ वक्र पोलादी चौकटींत पाळलं. चौकटींमध्ये तारदोर ताणले आणि त्यांवर अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या जाड तारेची जाळी बसवली. जाळीचा प्रत्येक तुकडा सपाट! अवकाशातल्या हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरीला एवढी चूक जाणवत नाही, जाळीची भोकंही दिसत नाहीत. वारा मात्र आरपार जातो.

विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला प्रदर्शन भरतं. गेलात तर छत्रीकडे जरा तिरकं उभं राहून बघा. ते सपाट तुकडे शोधा.