स्त्री-अभ्यास म्हणजे नेमकं काय शिकायचं?

मुलगी बी.ए. झाली आणि म्हणाली, "मला स्त्री-अभ्यासात एम.ए. करायचंय," की घरात लगेच विचारतात, हे काय नवीन? बायकांबद्दल विद्यापीठात जाऊन शिकण्यासारखं काय असतं? आणि नोकरीचं काय? आपल्या गटांच्या बैठकांतही हेच विचारलं गेलं, म्हणून आज त्यावर बोलू.

पहिल्याचं उत्तर आपल्या घरातच आहे. पहाटे उठून पाणी, चूल, शेणघाण, डबे, मग खुरपणीला जायचं, आल्यावर पुन्हा भाकरी. जनगणनेवाले आले की ओट्यावरची माणसं सांगतात, "ती घरीच असते, काही करत नाही." कागदावरही तेच उतरतं. घरच्या शेतात राबणाऱ्या कितीतरी बायका अशा मोजणीतून सुटायच्या. हा विषय अभ्यासणाऱ्या बायकांनी ते लावून धरलं. १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नातच, घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनपैशाचं केलेलं कामही धरा, असे शब्द आले. स्वयंपाक आणि मुलांचं करणं मात्र त्यात धरलं गेलं नाही. त्याचा हिशेब २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत सापडतो. घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते, पुरुष ९७. म्हणजे तिचे पाच तास आणि त्याचा दीड तास. तोही जे पुरुष करतात त्यांचा, आणि असे चारांत जेमतेम एकच!

तर जे रोज डोळ्यांसमोर असतं पण कुणी मोजत नाही, लिहीत नाही, त्याचा अभ्यास म्हणजे स्त्री-अभ्यास. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांनी १९७४ मध्ये याचं केंद्र सुरू केलं, देशातलं पहिलं. पुणे विद्यापीठातलं केंद्र १९८७ चं, त्याला नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुल्यांचं आहे.

"तिथे पोरींना भांडायला शिकवतात का?" एका ताईंनी मला विचारलं होतं. शिकवतात ते प्रश्न विचारायला. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्येच 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांना जाब विचारला होता, तो इतिहास वाचायला मिळतो. मला स्वतःला सगळ्यात मोलाचं वाटतं ते दुसरंच. सगळ्या बायकांचं दुःख एकसारखं नसतं, हे तिथे शिकवतात. जमीनदाराच्या सुनेला उंबऱ्याबाहेर पडू देत नाहीत आणि मजूर बाईला तिच्याच बांधावर ऊन-पावसात राबावं लागतं. दोघी बायकाच, पण जातीने आणि जमिनीने त्यांचं जगणं वेगळं केलंय. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं. त्या बायकांची नावं शाळेच्या पुस्तकात आपण कधी वाचली?

कायदाही येतो त्यात. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाएवढा हक्क दिला. तरी हक्कसोडपत्रावर बहिणीची सही का होते, हे कायद्याच्या पुस्तकावरून नाही कळत, माहेर तुटायची भीती समजून घ्यावी लागते.

आता नोकरी. खरं सांगते, नर्सिंगसारखी हातात लगेच नोकरी देणारी ही पदवी नाही. संस्था, समुपदेशन केंद्रं, बचत गटांचे प्रकल्प, संशोधन यांत कामं मिळतात, पण बरीच ठरावीक मुदतीची असतात. प्राध्यापक व्हायचं तर नेट परीक्षेत हा विषय आहे. घरात उद्याच पगार लागणार असेल, तर मुलीशी आधी तेवढं मोकळेपणी बोलून घ्या. पण "त्यात काय शिकायचं" म्हणून अर्ज फाडू नका.

प्रवेशाला जाताना चार गोष्टी विचारून या: बी.ए. कोणत्या विषयातलं चालतं, पेपर मराठीत लिहिता येतो का, वसतिगृहात जागा आहे का, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज कधी भरायचा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग असते.