सोलापूर शहरातील सांस्कृतिक घडामोडींचा शोध : कालगणना, भाषा आणि पेठ

प्रस्तावना :
सोलापुरात नव्याने रुजू होणाऱ्या प्राध्यापकाच्या तोंडी एक वाक्य पुष्कळदा ऐकू येते, ते म्हणजे 'या गावात काही घडत नाही.' वृत्तपत्रातील 'आजचे कार्यक्रम' हे सदर आणि हुतात्मा स्मृती मंदिराबाहेरील फलक एवढ्यावरच ज्याची भिस्त आहे, त्याचा असा समज होणे स्वाभाविक आहे. व्याख्याने, पुस्तक प्रकाशने आणि व्यावसायिक नाटकांचे प्रयोग यांची वार्ता त्या मार्गाने मिळते. तथापि मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा बोलणाऱ्या या गिरणगावाचे बरेचसे सांस्कृतिक जीवन सभागृहाबाहेर चालते व त्याची जाहिरात क्वचितच होते. ते कसे शोधावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कालगणना :
सोलापूरचे वर्ष एकाच दिनदर्शिकेवर चालत नाही. ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वरांची यात्रा मकर संक्रांतीशी, म्हणजे सौर गणनेशी बांधलेली आहे. भोगीच्या आदल्या दिवशी तैलाभिषेक, भोगीला अक्षता सोहळा, संक्रांतीला होमविधी आणि त्यानंतर शोभेचे दारूकाम असा तिचा क्रम असतो. पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथोत्सव नारळी पौर्णिमेस असतो. तो चांद्र तिथीने येतो. मोहरममधील पंजांच्या सवाऱ्या हिजरी वर्षानुसार निघत असल्याने इंग्रजी तारखेच्या हिशेबाने दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतात. १४ एप्रिलची आंबेडकर जयंती आणि १२ जानेवारीचा हुतात्मा दिन मात्र इंग्रजी तारखेने पाळले जातात. १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आली. हा स्मरणदिन नेमका यात्रेच्या तोंडावर येतो. त्यामुळे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शहराचा शोक आणि उत्सव शेजारी शेजारी उभे असतात. ज्यास केवळ सुट्ट्यांची यादी ठाऊक आहे, त्याच्या हे ध्यानात येणे कठीण.

पेठ आणि मार्ग :
सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातील, महात्मा बसवेश्वरांचे समकालीन. त्यांनी नगराभोवती अडुसष्ट लिंगे स्थापिली, अशी श्रद्धा आहे. यात्रेत सात नंदीध्वज या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात. एका कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी विवाहाची इच्छा व्यक्त केली आणि त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास तिला अनुमती दिली, या आख्यायिकेवर संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळा आधारलेला आहे. येथे या मार्गाचा आणखी एक उपयोग नोंदविण्याजोगा आहे. कोणत्याही पर्यटनपुस्तिकेपेक्षा तो जुन्या सोलापूरची ओळख अधिक नेमकेपणाने करून देतो. पांढरी बाराबंदी घातलेल्या भक्तांच्या मागून एक दिवस चालले की हिरेहब्बू वाड्यापासून मंदिरापर्यंतच्या वाटेवर कोणत्या काठीचा मान कोणत्या समाजाकडे आहे, कोणत्या दारी ती थांबते, कोण पाणी देतो आणि कोण ओवाळतो, हे आपोआप कळत जाते. होम मैदानावर भरणारी गड्ड्याची जत्रा सर्वांस माहीत असते. परंतु तेथील पाळण्यांवरून परतणाऱ्यास यात्रेचे केवळ शेवटचे टोक दिसलेले असते.

शहराच्या पूर्व भागाची गोष्ट वेगळी आहे. तेलंगणातून आलेल्या विणकरांची ही वस्ती. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी मिल आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या आता बंद आहेत. यंत्रमागांचा खडखडाट मात्र ऐकू येतो. नवरात्राच्या दिवसांत येथील स्त्रिया फुलांची उतरंड रचून तिच्याभोवती फेर धरतात व तेलुगू गाणी गातात. हा बतुकम्मा. त्यासाठी तिकीट नसते आणि निमंत्रणपत्रिकाही नसते. त्याची वार्ता अंगणातून अंगणात जाते. माहीतगाराच्या सोबतीशिवाय तेथे जाणे प्रशस्तही नव्हे.

काही कार्यक्रमांची वर्दी कानाने मिळते. गणेशोत्सवापूर्वी सायंकाळी हलगीच्या ठेक्यावर लेझमाचे सराव सुरू होतात. विसर्जन मिरवणुकीच्या गर्दीत काही क्षण दिसणारा डाव तेथे सावकाश पाहता येतो. मिरवणुकीपेक्षा हे सरावच अभ्यासकास अधिक शिकवितात, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

वर्गातील माहीतगार :
शहराची ही अलिखित दिनदर्शिका ज्यांना तोंडपाठ असते, ती मुले दररोज वर्गात बसलेली असतात. कोणाचा मामा नंदीध्वज पेलतो, कोणाची आजी बतुकम्माची गाणी सांगते, कोणी जयंतीच्या मंडळाचा कार्यकर्ता असतो. परंतु 'लोकसंस्कृती' या घटकावर उत्तर लिहिताना हीच मुले बाजारातील मार्गदर्शिकेतील वाक्ये उतरवितात. आपल्या घरचा अनुभव प्रश्नपत्रिकेच्या योग्यतेचा नाही, हे त्यांना कोणी स्पष्ट सांगितलेले नसते. अध्यापकाने त्याविषयी कधी विचारलेलेच नसते, एवढेच. शिवाय प्राध्यापकाने 'येथे काही घडत नाही' असे म्हटले की ते वाक्य थेट त्यांच्या घरांविषयी असते.

मराठी, समाजशास्त्र, इतिहास या विभागांना एकत्रितपणे एक साधी नोंदवही चालविता येईल. कार्यक्रम कोणता, तो कोणत्या कालगणनेने येतो, कोणत्या मार्गाने जातो, मान कोणाकडे आहे, गाणी कोणत्या भाषेतील आहेत, एवढेच रकाने पुरेत. ध्वनिमुद्रण वा छायाचित्रण करण्यापूर्वी अनुमती घ्यावी, विशेषतः स्त्रियांच्या गाण्यांबाबत. आणि कार्यक्रमाचे नाव घरच्या भाषेतच लिहावे. वृत्तपत्रात 'तैलाभिषेक' असे छापून येणाऱ्या विधीस मंदिर परिसरात 'यण्णीमज्जन' म्हणतात. यण्णी म्हणजे तेल, मज्जन म्हणजे स्नान. ज्या संतांची वचने कन्नडमध्ये आहेत, त्यांच्या यात्रेच्या नोंदीत हा शब्द पहिल्या रकान्यात असावा आणि संस्कृत पर्याय त्याच्यानंतर यावा.