यंत्रांचे आवाज – लेखांक बारावा : ई-सिगारेटची गुडगुड

गेल्या आठवड्यात किटलीच्या गाण्याचे प्रकरण संपविताना, या खेपेस नळाच्या तोटीत अकस्मात बसणाऱ्या ठोक्याची, म्हणजेच जलाघाताची, मीमांसा करू असे वचन मी दिले होते. परंतु मध्यंतरी इंग्लंडातील लेस्टर शहरी स्थायिक झालेल्या एका वाचकांचे पत्र आले, आणि त्यातील प्रश्न इतका नेमका व किटलीच्या प्रकरणाशी इतका निकटचा निघाला की, जलाघाताला आणखी एक आठवडा तिष्ठत ठेवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. पत्रलेखक बरीच वर्षे सिगारेट ओढीत असत. ती सोडण्यासाठी त्यांनी तेथील रीतीप्रमाणे, पुनःपुन्हा भरता येण्याजोगी ई-सिगारेट जवळ केली. त्यांची तक्रार अशी : सकाळच्या पहिल्या झुरक्याला नळीत गुडगुड ऐकू येते, कधी नेहमीची तडतड एकाएकी वाढून ओठावर तप्त थेंब उडतो, आणि हवेची छिद्रे कमीअधिक उघडणारी कडी अर्धी मिटली असता बारीक शिट्टी वाजते. या तिहींपैकी निरुपद्रवी कोणता आणि दखलपात्र कोणता, असा त्यांचा सवाल आहे.

निकोटिनचे व्यसन हे व्यसनच आहे, आणि ब्रिटनमधील आरोग्यखाते या उपकरणाला सिगारेटपेक्षा कमी अपायकारक म्हणत असले तरी निर्धोक म्हणत नाही, एवढे प्रारंभीच नमूद करून मी आवाजाकडे वळतो. कारण ध्वनीच्या अभ्यासकाला असे उपकरण क्वचितच लाभते. उकळणाऱ्या द्रवाचा, बुडबुड्याचा, अरुंद छिद्रातून धावणाऱ्या हवेचा आणि विद्युत्घटाचा, असे चार भिन्न कुळांतील ध्वनी येथे बोटभर लांबीच्या नळीत एकत्र नांदतात, आणि कान तयार असेल तर उपकरण न उकलताही बिघाडाचा ठावठिकाणा सांगता येतो.

या उपकरणाचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो. पेनसिल्व्हेनियातील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी 1963 मध्ये धूररहित सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला व 1965 मध्ये ते त्यांना मिळाले, पण तो माल बाजारात आला नाही. आज प्रचलित असलेल्या उपकरणाचे जनकत्व चीनमधील औषधनिर्माते होन लिक यांच्याकडे जाते. 2003 च्या सुमारास त्यांनी जी रचना सिद्ध केली तीत द्रवाचे तुषार करण्याचे काम पीझोइलेक्ट्रिक स्फटिकाच्या श्राव्यातीत कंपनांकडे सोपविलेले होते. म्हणजे ज्या उपकरणाच्या आवाजांची आज आपण चिकित्सा करीत आहोत, त्याचा आरंभ मानवी कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीनेच झाला. पुढे स्फटिकाची जागा तापणाऱ्या तारेने घेतली, आणि तारेबरोबर तडतड आली.

आता रचना पाहू. टाकीत प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरिन, थोडे पाणी, सुगंधी द्रव्ये व निकोटिन यांचे मिश्रण असते. टाकीच्या मध्यातून धुराड्यासारखी एक नळी उभी जाते. तिच्या तळाशी तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, आणि त्या वेटोळ्याला लगटून कापसाची वात. ही वात केशाकर्षणाने द्रव ओढून तारेपर्यंत पोचविते, तार त्याची वाफ करते, आणि तळाच्या छिद्रांतून आलेली हवा ती वाफ घेऊन मुखनळीकडे जाते. टाकी, वात, तार, नळी, मुख असा हा द्रवाचा मार्ग आहे. यातील कोणत्या नाक्यावर खोळंबा झाला किंवा कोठे गर्दी उसळली, याचा जबाब म्हणजेच ऐकू येणारा आवाज. हे एक सूत्र ध्यानात ठेवले की उरलेला सारा तपशील आपोआप लागतो.

प्रथम तडतडीविषयी. कळ दाबल्याबरोबर उमटणारी मंद, एकसारखी तडतड हा बिघाड नसून प्रकृती ठीक असल्याचा दाखला आहे. ग्लिसरिनचा उत्कलनबिंदू सुमारे 290 अंश सेल्सिअस, प्रोपिलीन ग्लायकॉलचा 188 आणि पाण्याचा 100. असे तीन भिन्न स्वभावांचे द्रव एका तारेवर एकत्र तापले की, पाण्याचा अंश आपल्या उत्कलनबिंदूच्या फार पलीकडे तापून क्षणार्धात वाफ होतो आणि भोवतीच्या दाट द्रवाला फोडून बाहेर पडतो. फोडणीच्या तापल्या तेलात ओल्या पळीवरचा थेंब पडला असता जे घडते, तेच येथे सूक्ष्म प्रमाणात अखंड घडत असते. परंतु तारेजवळ वाजवीपेक्षा अधिक द्रव साचला, तर हे स्फोट पृष्ठभागावर न होता द्रवाच्या पोटात होतात, आवाज तडतडीवरून फटफटीवर जातो, आणि वर फेकलेला थेंब वाफ न होताच ओठावर येऊन पडतो. पत्रलेखकांचा तप्त थेंब तो हाच. उपाय सरळ आहेत : झुरका सावकाश घ्यावा, उपकरण बंद करून मुखनळी काढावी व नळीत साचलेला द्रव कागदी रुमालाने टिपून घ्यावा, आणि कॉइलवर जेवढ्या वॅटची मर्यादा छापलेली असते तिच्या आत राहावे, पण तिच्या फार खालीही राहू नये. शक्ती कमी पडली की तार आलेल्या द्रवाचा निचरा करू शकत नाही आणि तो साचतच जातो.

गुडगुड हा याच विकाराचा पुढचा टप्पा. आता द्रव तारेजवळून मधल्या नळीत उतरलेला असतो, आणि हवेला त्यातून बुडबुड्यांच्या रूपाने वाट काढावी लागते. हुक्क्यात जे मुद्दाम योजिलेले असते ते येथे अनाहूत घडते. बुडबुडा वाजतो कसा, याचा उलगडा डच शास्त्रज्ञ मार्सेल मिनार्ट यांनी 1933 मध्ये केला. बुडबुड्यातील हवा हीच स्प्रिंग आणि भोवतालचे पाणी हेच तिला टांगलेले वजन, असे मानून त्यांनी दाखविले की, पाण्यात मुक्त असलेल्या, तीन मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्याचा स्वर सेकंदाला सुमारे 1,000 कंपनांचा असतो, आणि त्रिज्या निम्मी झाली की कंपने दुप्पट होतात. नळीच्या अरुंद भिंतींत व दाट ग्लिसरिनात हे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही, तरी गुडगुडीचा सूर नळीतील बुडबुड्यांच्या आकारावर अवलंबून असतो, हे मूळ तत्त्व कायम राहते.

मग द्रव नळीत शिरला कसा? भरताना तो मधल्या नळीत सांडला असेल, कॉइल पुरते आवळलेले नसेल, रबरी वायसर झिजले असेल, किंवा रुंद छिद्रांच्या कॉइलमध्ये फार पातळ द्रव भरला असेल. हे चार मामुली गुन्हेगार तपासून झाले की पाचव्याकडे वळावे, आणि तो मला सर्वांत रंजक वाटतो. टाकीचे झाकण घट्ट असते तेव्हा द्रवाच्या वरच्या हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो, आणि या अल्प दाबानेच द्रव वातीत धरून ठेवलेला असतो. झुरक्यागणिक थोडा द्रव खर्ची पडतो, तेवढी हवा वातीतून आत येते, आणि टाकीत एक बुडबुडा वर चढताना दिसतो. तो चढताना दिसला की पुरवठ्याची व्यवस्था चोख आहे असे समजावे. परंतु झाकणाचे वायसर ढिले असेल, तर वरून परभारे हवा शिरते, दाबाचा तो बंदोबस्त उठतो, आणि द्रव स्वतःच्या भाराने वातीतून पाझरून रात्रभर नळीत उतरत राहतो. गुडगुड सकाळच्या पहिल्याच झुरक्याला येते, या पत्रातील निरीक्षणाचे मोल येथे कळते : दिवसभर वापरात न जाणवणारा दोष रात्रीच्या निश्चल अवस्थेत प्रकट होतो, म्हणून माझा पहिला संशय झाकणाच्या वायसरवर आहे. उपकरण रात्री आडवे न ठेवता उभे ठेवावे आणि वायसर बदलून पाहावे.

याच न्यायाने विमानप्रवासातली गळती समजते. उड्डाणात विमानातील हवेचा दाब जमिनीवरील दाबाच्या सुमारे तीन-चतुर्थांशापर्यंत खाली येतो. बॉइलच्या नियमानुसार टाकीत कोंडलेली हवा त्या प्रमाणात एक-तृतीयांशाने फुगू पाहते, आणि तिला जागा करून देण्यासाठी द्रव वातीतून बाहेर ढकलला जातो. अर्धी भरलेली टाकी यासाठी वाईट, कारण तिच्यात हवाही भरपूर आणि द्रवही भरपूर. रिकामी टाकी सर्वांत चांगली.

शिट्टीचे मूळ द्रवात नसून हवेत आहे, आणि किटलीचा लेखांक वाचलेल्यांना ते सांगण्याची गरज नाही. रॉस हेन्रीवुड व अनुराग अगरवाल यांनी केंब्रिज येथे 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ज्या अभ्यासाचा आपण परामर्श घेतला, त्यात एका छिद्रातून निघालेला वाफेचा झोत दुसऱ्या छिद्राच्या कडेशी कसा भोवरे उत्पन्न करतो ते आलेच आहे. हवेची कडी अर्धी मिटली की येथेही तेच जुळून येते : छिद्र अरुंद, कड तीक्ष्ण, वेग अधिक. अशा कडेशी उत्पन्न होणाऱ्या प्रवाहध्वनीची शक्ती साधारणतः वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला तर ध्वनिशक्ती चौसष्टपट. यामुळेच झुरका किंचित सौम्य केला किंवा कडी केसभर फिरविली की शिट्टी एकदम नाहीशी होते. छिद्रात खिशातील कापसाचे तंतू अडकलेले असतील तर ते काढावेत. याहून अधिक दखल घेण्याचे कारण नाही.

आता पत्रात नसलेल्या एका गोष्टीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. ज्या उपकरणांना कळ नसते, केवळ ओढताच जी पेटतात, त्यांच्या पोटात झुरका ओळखणारा एक संवेदक असतो. आणि त्याची रचना मायक्रोफोनाच्या धर्तीची असते. विद्युत्धारक मायक्रोफोनात पातळ पडदा ध्वनीच्या दाबाने हलतो व त्याची धारकता बदलते. या जातीचा इलेक्ट्रेट मायक्रोफोन बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी 1962 मध्ये सिद्ध केला. ई-सिगारेटमधील पडदा झुरक्याने उत्पन्न झालेल्या दाबाच्या उतारामुळे हलतो, आणि मंडल तारेला वीज सोडते. अर्थात आपण या यंत्राचे ऐकतो त्याआधी ते आपले ऐकत असते. हा दुवा मला केवळ सुंदर म्हणून सांगावयाचा नाही. नळीत उतरलेला द्रव खाली झिरपून या पडद्यापर्यंत पोचला, की पडदा चिकटतो, कोणी ओढीत नसतानाही झुरका चालू आहे असा त्याचा समज होतो, आणि उपकरण खिशात किंवा मेजावर पडल्या पडल्या आपोआप तापू लागते. म्हणून दुर्लक्षित गुडगुड हा नुसता कर्णकटू प्रकार नव्हे. ती वेळीच दिलेली ताकीद आहे.

दोन इशारे उरतात. पहिला शांततेचा. कळ दाबूनही तडतड उमटली नाही व जळका वास आला, तर वात कोरडी पडली आहे असे समजावे आणि त्याच क्षणी थांबावे. अतितप्त ग्लिसरिन व ग्लायकॉल यांचे विघटन होऊन अॅक्रोलीन व फॉर्मॅल्डिहाइड यांसारखी दाहक द्रव्ये उत्पन्न होतात. नवे कॉइल बसविल्यावर वात पुरती भिजण्यासाठी पाच-दहा मिनिटे थांबावे, ते याचसाठी.

दुसरा इशारा फुत्काराचा. कोणी ओढीत नाही, कळ दाबलेली नाही, आणि तरीही आतून फुसफुस ऐकू येते आहे. अशा वेळी एक तर उपकरण आपोआप पेटलेले असते, किंवा लिथियम-आयन घटातील वायू सुरक्षा-झडपेतून बाहेर पडत असतो. या घटांत ज्वालाग्राही द्रावण असते. आतील उष्णता एकदा आवरेनाशी झाली की ती स्वतःच स्वतःला वाढवीत जाते, आणि फुत्कारापासून ज्वालेपर्यंतचे अंतर काही क्षणांचेच असू शकते. येथे कानाने निदान करीत बसण्याचा मोह टाळावा, वायू न हुंगता दूर व्हावे आणि अग्निशामक दलास पाचारण करावे. सुटा घट नाणी वा किल्ल्यांबरोबर खिशात ठेवणे हे या संकटाला दिलेले आमंत्रणच होय.

पत्राच्या शेवटी आमच्या वाचकांनी, दिवाळीत पुण्यास येताना हे उपकरण सोबत आणावे का, अशी पृच्छा केली आहे. उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. भारतात 18 सप्टेंबर 2019 च्या वटहुकमाने व त्याच वर्षी संमत झालेल्या अधिनियमाने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात यांना मनाई आहे. आयातीच्या पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. तेव्हा उपकरण लेस्टरलाच ठेवावे, आणि निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून निकोटिनच्या पट्टीची किंवा च्युइंगमची तजवीज करावी. सिगारेटकडे मात्र परत फिरू नये.

जलाघाताची मीमांसा पुढील लेखांकी निश्चित येईल. तोवर, घरातील कोणत्याही विद्युत्घटावर चालणाऱ्या उपकरणातून ते बंद असताना फुसफुस येऊ लागली तर त्याच्याजवळ कान नेऊ नका, एवढी विनंती मी सर्व वाचकांना करतो.