पार ७२ म्हणजे किती जमीन?

पेडणे तालुक्याच्या अगदी उत्तर टोकाला तेरेखोल हे गाव आहे. गाव गोव्याचे, पण नदीपलीकडचे. केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने तेरेखोल नदी ओलांडली की गाव लागते, आणि गावाची मागची शीव थेट सिंधुदुर्गातल्या रेडीकडे जाते. सावंतवाडीकरांनी बांधलेला आणि १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी जिंकून घेतलेला किल्ला, त्यातले सेंट अँथनीचे चर्च, काजूच्या बागा आणि मोजकी घरे, एवढाच या गावाचा पसारा. तरीही गेल्या काही वर्षांत हे नाव वर्तमानपत्रांत वारंवार आले, ते गोल्फमुळे. एका कंपनीने येथे आलिशान रिसॉर्ट आणि गोल्फचे मैदान उभारायची योजना आणली. जमीन भाटकाराकडून रीतसर घेतली, असे कंपनीचे म्हणणे होते. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या या जमिनीवर आपला कुळ म्हणून हक्क आहे, असे ग्रामस्थांचे. मे २०१५ मध्ये यंत्रे गावात शिरली, झाडे पडू लागली आणि संघर्ष पेटला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात पोहोचले.

अशा प्रकल्पांच्या कागदपत्रांत ‘अठरा होल’, ‘पार ७२’, ‘फेअरवे’, ‘चॅम्पियनशिप कोर्स’ असे शब्द सहज येऊन जातात. ज्याने हा खेळ कधी पाहिलेला नाही, त्याला त्यावरून काहीच उमगत नाही. खरे तर ही परिभाषा अवघड नाही. तासाभरात ती समजते, आणि एकदा समजली की दूरचित्रवाणीवरचा सामना कळतो आणि गावाच्या नकाशावर आखलेले मैदानही वाचता येते.

सुरुवात ‘होल’पासून करू. होलचा एक अर्थ साधा आहे : सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर व्यासाचा खळगा, ज्यात चेंडू शेवटी पडतो. दुसरा अर्थ मोठा आहे. पहिला फटका मारण्याच्या जागेपासून त्या खळग्यापर्यंतच्या संपूर्ण पट्ट्यालाही होलच म्हणतात. हा पट्टा शंभर-दीडशे मीटरचा असू शकतो, तसाच पाचशे मीटरचाही. ‘अठरा होलचे मैदान’ म्हणजे असे अठरा पट्टे. ते एकामागून एक खेळले की एक फेरी पूर्ण होते.

प्रत्येक पट्ट्याचे ठरलेले भाग असतात. जिथून सुरुवात होते ती सपाट जागा म्हणजे टी. चेंडू ज्या छोट्या खुंटीवर ठेवतात तिलाही टीच म्हणतात. पुढे नीट कापलेल्या गवताची रुंद वाट जाते, ती फेअरवे. तिच्या दोन्ही बाजूंना वाढू दिलेले गवत, झुडपे आणि झाडे म्हणजे रफ. चेंडू तिथे गेला की पुढचा फटका कठीण होतो. शेवटी गालिच्यासारखे बारीक कापलेले हिरवे वर्तुळ येते, ते ग्रीन. खळगा तिथेच असतो आणि तो दुरून दिसावा म्हणून त्यात झेंडा रोवलेला असतो. वाटेत मुद्दाम ठेवलेले वाळूचे खड्डे म्हणजे बंकर. तळे, ओढा किंवा तसाच अडचणीचा भाग पिवळ्या वा लाल खुंट्यांनी दाखवतात. त्याला २०१९ च्या नियमांपासून पेनल्टी एरिया म्हणतात. चेंडू तिथून बाहेर काढून खेळायचा तर एका फटक्याचा दंड बसतो. पांढऱ्या खुंट्यांपलीकडे मैदानाची हद्द संपते. चेंडू हरवला तर शोधायला फक्त तीन मिनिटे मिळतात.

आता ‘पार’. एखादा होल निष्णात खेळाडूने किती फटक्यांत संपवावा, ही अपेक्षा म्हणजे पार. तिचा हिशेब सोपा आहे : ग्रीनवर पोहोचायला लागणारे फटके, अधिक ग्रीनवरचे दोन हलके फटके. या हलक्या फटक्यांना पट म्हणतात. टीवरून एकाच फटक्यात ग्रीन गाठता येत असेल तर तो होल पार ३, दोन लागत असतील तर पार ४, तीन लागत असतील तर पार ५. अठरा होलांची बेरीज बहुतेक मोठ्या मैदानांवर ७० ते ७२ भरते.

गुणांची सारी नावे या पारभोवतीच फिरतात. एक फटका कमी लागला तर बर्डी, दोन कमी लागले तर ईगल, तीन कमी लागले तर अल्बट्रॉस. एक जास्त लागला तर बोगी, दोन जास्त लागले तर डबल बोगी. टीवरून मारलेला चेंडू थेट खळग्यात गेला तर होल-इन-वन. म्हणजे ज्याची संख्या लहान तो जिंकतो. क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला हे सुरुवातीला उलटे वाटते.

टोकियो ऑलिम्पिकने हा हिशेब भारतातल्या घराघरांत पोहोचवला. ऑगस्ट २०२१ मध्ये भल्या पहाटे उठून लोक बंगळूरच्या अदिती अशोकचा खेळ पाहत होते. कासुमिगासेकीच्या त्या मैदानाचा पार ७१, म्हणजे चार फेऱ्यांचा पार २८४. अदितीने एकूण २६९ फटके घेतले. म्हणून फलकावर तिच्या नावापुढे उणे १५ असा आकडा झळकला, म्हणजेच ‘१५ अंडर पार’. सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकेच्या नेली कोर्डाचे उणे १७ होते, रौप्य आणि कांस्य मिळवणाऱ्या दोघींचे उणे १६. अवघ्या एका फटक्याने अदितीचे पदक हुकले आणि ती चौथी आली. त्याच ऑलिम्पिकच्या पुरुष गटात पुण्याचा उदयन माने भारताकडून खेळला होता.

या पद्धतीला स्ट्रोक प्ले म्हणतात : सर्व फटक्यांची बेरीज करायची आणि सर्वांत कमी बेरीज असलेला विजेता. दुसरी पद्धत मॅच प्ले. तिच्यात समोरासमोर खेळताना एकेक होल जिंकायचा किंवा हरायचा. एका होलवर दहा फटके लागले तरी नुकसान त्या एकाच होलचे होते. व्यावसायिक स्पर्धांमध्ये बहुधा दोन फेऱ्यांनंतर मागे पडलेले खेळाडू गळतात, त्या रेषेला ‘कट’ म्हणतात.

हौशी खेळाडूंसाठी सर्वांत सुंदर कल्पना आहे ती हँडिकॅपची. पार ७२ च्या मैदानावर साधारण ९० फटके घेणाऱ्याला ढोबळमानाने १८ चा हँडिकॅप मिळतो. त्याचे फटके मोजताना १८ वजा होतात. त्यामुळे नवशिका आणि निष्णात, आजोबा आणि नात एकाच सामन्यात बरोबरीने खेळू शकतात. २०२० पासून जगभर यासाठी एकच पद्धत असून तिची कमाल मर्यादा ५४ आहे.

साधनांचे शब्द थोडेच आहेत. फटका मारायची काठी म्हणजे क्लब. एका खेळाडूला जास्तीत जास्त चौदा क्लब नेता येतात. लांब मारण्यासाठी ड्रायव्हर, मधल्या अंतरासाठी आयर्न, बंकरमधून किंवा ग्रीनजवळून चेंडू उचलण्यासाठी वेज आणि ग्रीनवर पटर. हा भार वाहणारा आणि वारा, उतार, अंतर यांचा सल्ला देणारा साथीदार म्हणजे कॅडी. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेरने १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. चेंडू माणसांच्या दिशेने जाऊ लागला तर खेळाडू ‘फोर!’ असे ओरडतो. ती आरोळी ऐकणाऱ्याने तत्क्षणी डोके झाकायचे असते.

आता हे शब्द घेऊन पुन्हा जमिनीवर येऊ. अठरा पट्ट्यांची लांबी जोडली तर मोठ्या मैदानावर सहा-साडेसहा किलोमीटर होते. त्यात रुंदी, रफ, तळी आणि क्लबहाउस धरले की साधारण ५० ते ८० हेक्टर जागा लागते. गोव्यात जमीन चौरस मीटरमध्ये मोजतात; त्या हिशेबाने हे पाच ते आठ लाख चौरस मीटर झाले. रिसॉर्टचे बंगले त्याहून वेगळे. दक्षिण गोव्यातली हॉटेले आटोपशीर मैदानांवर भागवतात : काणकोणात राजबागला ललितचे नऊ होलचे मैदान आहे, मोबोरला पूर्वीच्या लीला हॉटेलचे बारा होलचे, तर बाणावलीच्या ताज एक्झॉटिकामध्ये लहान फटक्यांचे नऊ होलचे. त्यामुळे ‘गोल्फची सोय’ आणि ‘अठरा होल, पार ७२’ या दोन मागण्यांत अनेक एकरांचे अंतर पडते.

पाण्याचा हिशेब आणखी नाजूक आहे. गोव्यात पाऊस धो धो पडतो, पण मुख्यतः जून ते सप्टेंबर. पर्यटकांचा हंगाम सुरू होतो तो त्यानंतर, आणि ग्रीन व फेअरवे हिरवे ठेवायला पाणी लागते तेही तेव्हाच. नेमके याच महिन्यांत वायंगणाच्या शेतीला आणि कुळागरांनाही पाणी हवे असते. पेडणे आणि डिचोलीच्या मोठ्या भागाची भिस्त तिळारीच्या कालव्यांवर आहे. सांडपाणी शुद्ध करून वापरणे आणि खारे पाणी सहन करणारे पास्पालमसारखे गवत लावणे, हे उपाय जगात रूढ आहेत. प्रकल्पात ते आहेत का, हे पाहिलेच पाहिजे.

डिचोलीचा प्रश्न वेगळा आहे. तिथे मोकळी जमीन दिसते ती बऱ्याचदा खाणीने उकरलेली. खाणींच्या खोल खड्ड्यांमुळे विहिरी आटल्याची तक्रार शिरगाव, मुळगावने वर्षानुवर्षे केली. क्वालालंपूरजवळ कथलाच्या एका जुन्या अजस्र खाणीचे तळे झाले आणि त्याच्या काठावर ‘द माइन्स’ हे गोल्फ मैदान उभे राहिले; १९९९ मध्ये टायगर वूड्स आणि मार्क ओमेरा यांनी गोल्फचा विश्वचषक तिथेच जिंकला. खचलेल्या जमिनीचा असा उपयोग आणि कसत्या जमिनीवर किंवा काजूच्या बागेवर फेअरवे आखणे, या दोन गोष्टींना एकाच मापाने मोजता येणार नाही. मेक्सिकोतल्या तेपोस्त्लान गावाने १९९५ मध्ये आपल्या डोंगरपायथ्याच्या जमिनीवरील गोल्फ प्रकल्पाविरुद्ध कडवा लढा दिला आणि १९९६ मध्ये तो प्रकल्प मागे घ्यावा लागला.

खेळाचे माहेरघर मानले जाणारे स्कॉटलंडमधले सेंट अँड्र्यूज मात्र वेगळेच चित्र दाखवते. समुद्र आणि शेती यांच्यामधल्या वाळूच्या गवताळ पट्ट्याला तिथे लिंक्स म्हणतात. तिथला ओल्ड कोर्स कोणा धनिकाच्या कुंपणात नाही. ती जमीन सार्वजनिक आहे. मोठ्या स्पर्धांचे अपवाद सोडले तर रविवारी खेळ बंद असतो आणि गावकरी मुलाबाळांना, कुत्र्यांना घेऊन फेअरवेवरून फिरतात. गोल्फला गावाची वाट अडवावीच लागते असे नाही, याचा यापेक्षा मोठा दाखला नाही.

म्हणून पेडण्यात किंवा डिचोलीत पुन्हा कधी असा आराखडा ग्रामसभेपुढे आला, तर विचारायचे प्रश्न तयार आहेत. होल किती, नऊ की अठरा? पाणी घातले जाणारे गवत किती चौरस मीटर आणि रफमध्ये मूळची झाडे राखणार का? मार्च ते मे या काळात पाणी कुठून येणार? खत-औषधांचा निचरा कोणत्या ओहोळात जाणार? कॅडी आणि माळी गावातले असतील, तर त्यांच्या नेमणुकीची लेखी हमी कुठे आहे? आणि अठरापैकी किती होलांच्या आड आज कोणाची पायवाट, देवराई किंवा काजूची बाग येते? या शेवटच्या प्रश्नासाठी तज्ज्ञही लागत नाही. गावच्या सर्वे नकाशावर प्रत्येक टीपासून तिच्या ग्रीनपर्यंत एक रेघ ओढायची आणि ती कोणकोणत्या सर्वे क्रमांकांतून जाते ते वाचून दाखवायचे.