सुखाची पायली

महेश एलकुंचवारांचे नाव निघाले की नाटकवेडा मराठी माणूसही जरा दबून बोलू लागतो. मृत्यू, वासना, हिंसा, घराण्याचा ऱ्हास, माणसामाणसांतले न बुजणारे अंतर हेच त्यांचे विषय, असे आपण धरून चाललो आहोत. ही यादी खोटी नाही, पण तिच्यावर विसंबून नाटके वाचली की अर्धे नाटक निसटते. त्यांच्या नाटकांतून सणाची सुट्टी, पेटीतले दागिने, सकाळचा आरसा, रात्रीच्या गप्पा आणि चार माणसांचे जेवण एवढेच काढून पाहावे. मग मागे शोकही उरत नाही, कारण शोक कशाचा करायचा तेच हरवते. घरातले धान्य जसे पायलीने मोजतात, तसे हा नाटककार माणसांचे बरेवाईट रोजच्या लहान सुखांनी मोजतो, असे या लेखाचे म्हणणे आहे. ते सुख नाकारले गेले, मिरवले गेले, चोरून घेतले गेले की वाटून घेतले गेले, यावरून त्या घराचे आणि त्या समाजाचे काय चालले आहे ते कळते.

एलकुंचवारांचा जन्म ९ ऑक्टोबर १९३९चा, यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा. घाटंजी तालुक्यातले हे गाव कापसाच्या काळ्या जमिनीतले. पैनगंगा ओलांडली की तेलुगूचा मुलूख सुरू होतो आणि एलकुंचवारांचे घराणेही मूळचे तेलुगू. शिक्षणासाठी घर फार लहानपणी सुटले. पुढे नागपूर, इंग्रजीचे एम.ए. आणि तिथेच निवृत्तीपर्यंत इंग्रजीचे अध्यापन. विजया मेहतांनी बसवलेले तेंडुलकरांचे ‘मी जिंकलो, मी हरलो’ पाहिले आणि नाटक लिहायचे ठरले, हे सर्वश्रुत आहे. १९६७ साली ‘सत्यकथे’त ‘सुलतान’ ही एकांकिका आली आणि मराठीला एक नवा नाटककार मिळाला. या चरित्रातली एकच गोष्ट आपल्या विषयाशी जोडायची: लवकर सुटलेले घर. घरात राहणाऱ्याला घर दिसत नाही, ते अंगवळणी पडलेले असते. ज्याचे घर सुटले त्याला ते तपशिलांनी आठवते. ओसरीवर कोण कुठे बसायचे, दिवा केव्हा लागायचा, कोणत्या दाराला कसला आवाज होता, अशा तपशिलांनी. चरित्रावरून नाटकाचा अर्थ काढू नये, हे खरे. पण ज्या नाटकांनी त्यांना अख्ख्या देशात नेले ती घराच्या तपशिलांवर उभी आहेत, हे संहिताच सांगतात.

इथे कुणी म्हणेल, सुरुवातीच्या नाटकांचे काय? ‘यातनाघर’, ‘गार्बो’, ‘वासनाकांड’ यांत कसली आली आहेत रोजची सुखे? आक्षेपात तथ्य आहे. त्या नाटकांतली माणसे टोकाला गेलेली आहेत, त्यांची भाषा तापलेली आहे आणि त्यांच्या खोल्यांत चूल पेटल्याची खूण नाही. पण त्याच काळातली ‘होळी’ पाहा. १९६९च्या या एकांकिकेत वसतिगृहातली पोरे पेटतात ती कुठल्या तत्त्वासाठी नव्हे, तर होळीची सुट्टी मिळाली नाही म्हणून. एका दिवसाचा रंग, एका दिवसाचा दंगा, एवढेच त्यांना हवे होते. ते नाकारल्यावर साठलेला राग वरच्यांपर्यंत पोचत नाही. तो आपल्यातल्याच एका दुबळ्या मुलावर उतरतो आणि त्याच्या जिवावर बेततो. होळीचा दिवस तोच राहिला, फक्त जळायला माणूस सापडला. १९७६च्या ‘पार्टी’त उलटी गत आहे. तिथे काहीच नाकारलेले नाही. दमयंती राणे यांच्या घरी खाणेपिणे, कपडे, साहित्य, क्रांतीच्या गप्पा, सगळे ओसंडते आहे. पण प्रत्येक पेला दुसऱ्याने पाहावा म्हणून उचललेला आहे, आणि सगळ्यांच्या बोलण्यात जो अमृत येतो तो कवी मात्र तिथे नाही. पुढे १९८४ साली केतन मेहतांनी ‘होळी’वर आणि गोविंद निहलानींनी ‘पार्टी’वर चित्रपट केले. तेव्हा एक कॉलेजातल्या असंतोषावरचा आणि दुसरा बुद्धिजीवींच्या ढोंगावरचा मानला गेला. शेजारी ठेवून पाहिले तर दोन्हींत माप एकच आहे. एकीकडे सुख नाकारल्याने माणूस हिंस्र झाला, दुसरीकडे ते मिरवल्याने पोकळ झाला.

‘वाडा चिरेबंदी’त हे माप पहिल्यांदा पूर्ण हातात आले. विजया मेहतांनी ते १९८५ साली रंगभूमीवर आणले. धरणगावकर देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजी वारले आहेत. मुंबईचा मुलगा सुधीर बायकोसह आला आहे आणि तेराव्यापर्यंतचे दिवस घालवायचे आहेत. गावजेवण घालायला पैसा नाही, न घालावे तर घराण्याची अब्रू जाते. दारात ट्रॅक्टर गंजत पडला आहे, त्याचा उपयोग एवढाच की धाकट्या भावाच्या, चंदूच्या पायाला जखम व्हावी. आता दागिन्यांची रात्र. सासूनंतर पेटी आपल्या हाती येणार, हे कळलेली वहिनी, थोरल्या भास्करची बायको, रात्री आपल्या खोलीत पिढ्यांचे सोने एकेक करून अंगावर चढवते आणि भास्कर पाहत राहतो. बाहेर सुतक आहे, घरात कर्ज आहे आणि या बाईने जन्मभर चुलीपुढे काढलेला आहे. तिला हाव सुटली असे म्हणणे सोपे आहे. पण त्या क्षणी ती कुणाचे ओरबाडत नाही. घराण्याच्या वैभवाची ती सून, ते वैभव तिच्या अंगाला लागले ते या एका रात्री, दाराआड, चोरासारखे. बहीण प्रभाला याच सोन्यातला आपला वाटा शिक्षणासाठी हवा होता, तिला तो मिळत नाही. भास्करची मुलगी रंजू तेच सोने घेऊन मास्तराबरोबर पळते, कारण तिला सिनेमा हवा होता. एकाच पेटीभोवती तीन बायकांची तीन साधी सुखे आहेत: नटावे, शिकावे, पळून जावे. वाडा त्यांपैकी एकही उघडपणे देऊ शकत नाही. घराणे कशाने बुडाले याचा हिशेब नाटककाराने कुळकायद्याच्या भाषणात मांडलेला नाही. तो या पेटीत मांडला आहे.

भाषेचेही तसेच. ‘वाडा’तली माणसे विदर्भातल्या घरांत बोलतात तसेच बोलतात, आणि सुधीरच्या कोकणस्थ बायकोच्या, अंजलीच्या शेजारी ते बोलणे अधिकच उठून दिसते. मुंबईहून आलेला सुधीर भावाशी बोलता बोलता पुन्हा त्या बोलण्यात शिरतो, ते त्याला न मागता मिळालेले माहेर आहे. मराठी रंगभूमीवर वऱ्हाडी बोली तोवर बहुतेक हशासाठी यायची. ती इथे शोकाची भाषा झाली, आणि घरात पाय पसरून बोलण्याचे सुख तिच्यातून गेले नाही. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ लिहून ही त्रिनाट्यधारा पुरी झाली. चंद्रकांत कुलकर्णींनी १९९४ साली तिन्ही नाटके सलग, सुमारे नऊ तासांच्या प्रयोगात उभी केली. नऊ तास बसायचे म्हणजे प्रेक्षकालाही मधे भूक लागणार, पाय मोकळे करावेसे वाटणार, शेजाऱ्याशी बोलावेसे वाटणार. त्याचा स्वतःचा दिवसच नाटकात येऊन मिसळतो. तिसऱ्या नाटकात गाव ओस पडते, पाणी आटते, आणि सोने, मान, जमीन या साऱ्यांच्या खाली पाणी पिण्याचे सुख होते हे उघडे पडते. ‘युगान्त’साठी साहित्य अकादमी पुरस्कार आणि सरस्वती सन्मान हे दोन्ही मिळाले.

यावर नाट्यशास्त्राच्या बाजूने एक आक्षेप निघतो. नाटक संघर्षावर चालते. चहा, दागिने, गप्पा हा झाला तपशील, आणि तपशिलावर ललित लेख होईल, नाटक कसे होईल? उत्तरासाठी चेकॉव्हकडे जावे लागते, आणि एलकुंचवारांच्या संदर्भात ते नाव टीकाकारांनी वारंवार घेतलेही आहे. १९०४ साली ‘चेरी ऑर्चर्ड’ रंगभूमीवर आले तेव्हा लेखक म्हणत होता की ही कॉमेडी आहे, आणि स्तानिस्लावस्की तिला शोकनाट्य म्हणून बसवत होते. भांडण मुळात याच गोष्टीचे होते: बाग तुटत असताना माणसे खातात, चिडवतात, प्रेमात पडतात, यांतले नाटक कोणते? दोघांचेही खरे होते, कारण संघर्ष या तपशिलांच्या आतच होता. वहिनी गळ्यात सर घालते त्या वेळी रंगमंचावर कुणी कुणाशी भांडत नाही, तरी सगळ्या नाटकातला ताण त्या हालचालीत एकवटतो. मात्र आक्षेपातली एक गोष्ट मान्य करायला हवी. या मार्गात लेखणी जरा सैल पडली की नाटकाचे कौटुंबिक मालिकेत रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. नंतर आलेल्या किती तरी ‘वाडा’छाप नाटकांचे तेच झाले. त्यांत जेवणे आहेत, पण त्या जेवणाचे बिल कुणी भरले ते नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि तो खुद्द यवतमाळातूनच येतो. ही सुखे कुणाची? जमीनदार ब्राह्मण घराच्या पेटीतल्या सोन्याचे दुःख ज्याच्या घरी पेटीच नाही त्याने का करावे? ‘वाडा’ रंगभूमीवर आल्यानंतर वर्षभरातच, १९ मार्च १९८६ रोजी, याच जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्याने पत्नी आणि चार मुलांसह वर्ध्याजवळ पवनारला जीवन संपवले. हा भजन-संगीतात रमणारा माणूस होता. त्यांच्या स्मरणार्थ आता दर १९ मार्चला अनेक जण अन्नत्याग करतात, एका दिवसाचे जेवण सोडून शोक पाळतात. या जिल्ह्याचे नाव देशभर गेले ते अशा मरणांमुळे, आणि त्यापुढे वाड्याचा ऱ्हास किरकोळ वाटू शकतो. पण इथेच दोन नाटके एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात शेतकरी आत्महत्यांमागे उरलेल्या बायकाच रंगमंचावर उभ्या राहिल्या. तेरवं म्हणजे तेरावा. ‘वाडा’चा काळही तात्याजींच्या तेराव्यापर्यंतचाच आहे. एका घरात तेराव्याला गाव जेवू घालायचे कर्ज आहे, दुसऱ्या घरात कर्जामुळेच तेरावा आला आहे. दोन्हीकडे पुरुष गेल्यावर बाईने काय नेसावे, काय खावे, कुठे बसावे, हसावे की नाही, याचा निवाडा बाकीचे करतात. एलकुंचवारांनी वाड्याची कीव केलेली नाही. वाड्याची सुखे कुणाच्या श्रमावर आली आणि घरातल्याच बायकांना ती कशी मिळाली नाहीत, हे त्यांनी दाखवले. जे त्यांच्या चौकटीबाहेर राहिले ते ‘तेरवं’ने आत आणले. चौकटी दोन आहेत, पायली एकच. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळला ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण रद्द झाल्याने उठलेल्या वादळात उद्घाटन केले ते राजूरच्या वैशाली येडे यांनी, आणि त्या याच ‘तेरवं’मधल्या कलावंत. नाटकात उभी राहिलेली बाई साहित्याच्या व्यासपीठावर पोचली, हा यवतमाळच्या रंगभूमीचा वाड्याइतकाच महत्त्वाचा अध्याय आहे.

उत्तरकाळात एलकुंचवार वाड्यातून बाहेर आले, माप मात्र हातातच होते. ‘प्रतिबिंब’मधला माणूस सकाळी उठून आरशात पाहतो तर त्याचे प्रतिबिंब नाही. महानगरात माणूस हरवतो, हे सांगायला त्यांना रोजच्या आरशाहून मोठे साधन लागले नाही. ‘आत्मकथा’त अनंतराव राजाध्यक्ष हा थोर कादंबरीकार तरुण अभ्यासक मुलीला आयुष्य सांगू लागतो, आणि त्याने कलेत देखणे करून मांडलेले त्याच्या घरातल्या बायकांना वेगळेच आठवते. लेखकाने रोजच्या जगण्यातून साहित्य उचलले, पण ज्यांचे जगणे उचलले त्यांना विचारले का, असा प्रश्न नाटककाराने इथे स्वतःच्याच धंद्याला घातला. ‘सोनाटा’त मुंबईतल्या तीन एकट्या मैत्रिणींची एक संध्याकाळ आहे: मद्य, थट्टा, भांडण, पुन्हा थट्टा. ‘पार्टी’तले पेले आणि हे पेले यांच्यात पाव शतक गेले आहे. आता ते दाखवायला उचललेले नाहीत, आणि तेवढ्याने दुःख जात नाही तरी रात्र निभते. ‘एका नटाचा मृत्यू’त तर रंगभूमीवर काढलेले आयुष्यच पायलीत येते. २०१२ साली ‘मौनराग’ आले, ललित लेखांचे. काहींनी म्हटले, नाटककार नाटकापासून दूर गेला. तसे मानायचे कारण नाही. ‘मौनराग’मध्ये घर, आई, बालपण, एकांत येतात ते पात्रांशिवाय, प्रकाशयोजनेशिवाय. इतकी वर्षे जे सामान तो रंगमंचावर मांडत होता, ते इथे त्याने आपल्या ओसरीवर पसरून दाखवले. नाटकाची गरज संपली असे यातून निघत नाही. नाटक कशापासून झाले, ते यातून कळते.

वाड्यात एक दादी आहे. तिला कशाचे भान उरलेले नाही आणि ती सारखी वेळ विचारत राहते. टीकेत तिला काळाचे प्रतीक म्हणतात, आणि ते चूक नाही. पण घरातल्या म्हातारीने वेळ विचारणे ही आधी एक घरगुती सवय आहे. जेवायला अजून किती अवकाश आहे, दिवा लावला का, बाहेर गेलेले माणूस यायची वेळ झाली का, एवढेच तिला हवे असते. दादीला नेमके उत्तर द्यायला घरात कुणाला सवड नाही, कारण सगळे घराण्याच्या हिशेबात गुंतले आहेत. या नाटकात वाडा कधी ढासळू लागला ते शोधायचे तर भिंतींकडे पाहू नये. त्या म्हाताऱ्या बाईला वेळ सांगायचे राहिले, तेव्हापासून मोजावे.