पाय शाबूत, चाल गेली

हैदराबादेतील अंबरपेठेच्या उत्तरेस उस्मानिया विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार आहे आणि त्याच्याही पलीकडे, तारनाक्याला, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. एका डाळीमुळे धडधाकट माणसाचे पाय का जातात, या प्रश्नाचा पाठपुरावा या दोन्ही ठिकाणच्या संशोधकांनी वर्षानुवर्षे केला. ही डाळ म्हणजे लाख. विदर्भात तिला लाखोळी अथवा लाखोरी म्हणतात, उत्तर हिंदुस्थानात खेसारी, तर छत्तीसगडाकडे तिवडा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या मुलुखात ती पिढ्यान्‌पिढ्या पेरली जाते. तिच्या कोवळ्या पाल्याची भाजीही होते. तिची हकीकत कळली म्हणजे आपल्या देहातील मज्जातंतू, स्नायू व सांधे यांचे परस्परांशी असलेले नातेही उमगते. म्हणून आज आम्ही हा विषय हाती घेतला आहे.

आपल्या बोलीत 'शीर' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. रक्त वाहणारी तीही शीर आणि निरोप नेणारा मज्जातंतू तोही शीरच! येथे आपल्याला फक्त निरोप्याशी कर्तव्य आहे. पाऊल उचलण्याची इच्छा झाली, की मेंदूच्या वरच्या थरातील एका पेशीचा तंतू तो निरोप घेऊन पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून थेट कमरेपर्यंत उतरतो. तेथे दुसरी पेशी वाट पाहत असते. तिचा तंतू कण्याबाहेर पडून मांडीच्या वा पोटरीच्या स्नायूत शिरतो. स्नायू आखडतो, हाड ओढले जाते व सांधा वळतो. मात्र गुडघा वाकवायचा तर मागचा स्नायू आखडत असता पुढच्याने सैल सोडले पाहिजे. हा लगामही पुष्कळसा त्या पहिल्या तंतूच्याच हाती असतो.

दुसरी पेशी मेली तर पाय लुळा पडतो, स्नायू वाळतो. पोलिओत हेच घडत असे. पहिला तंतू मेला तर मात्र उलटेच होते. स्नायू जिवंत, पण त्याला आवरणारा कोणी नाही. मग पाय ताठतो. लाखेच्या विषाने होते ते हे. रोग्याच्या मांड्या आत ओढल्या जातात, पावले कात्रीसारखी एकमेकांवर येतात, टाचा जमिनीला टेकत नाहीत. त्वचेला स्पर्श समजतो आणि बुद्धी शाबूत असते. पायांकडे जाणारे तंतू सर्वांत लांब. बहुधा म्हणूनच हात वाचतात आणि पाय जातात. पुढे वापराअभावी पोटऱ्यांचे स्नायू आखूड होतात व सांधेही जखडतात. घरची माणसे गुडघ्याला तेल चोळीत बसतात. बिचाऱ्या गुडघ्याचा यात काहीही अपराध नसतो.

वैद्यकशास्त्राने या रोग्यांच्या पायऱ्या काठ्यांवर मोजल्या आहेत: काठीवाचून अडखळत चालणारा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी हातांवर रेटा देऊन जमिनीवरून सरपटणारा. गेलेली चाल परत आणणारे औषध आजही नाही.

हे अरिष्ट बहुधा दुष्काळाच्या पाठोपाठ येते. स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सागर भागातील एका गावाची हकीकत लिहून ठेवली आहे. १८२९ साली गारपिटीने गहू झोडपला, १८३० साली पावसाने दगा दिला, १८३१ साली तांबेऱ्याने पीक गेले. या तिन्ही वर्षी शेतात तगली ती फक्त लाख. लोकांनी तीच कापली, तीच खाल्ली. १८३३ साली तिशीच्या आतील तरुणांचे कमरेखालचे बळ एकाएकी जाऊ लागले. ज्या पिकाने तारले त्यानेच पाय घेतले. पुढे रीवा भागात तर मजुरांना मजुरीच लाखमिश्रित धान्याच्या रूपाने मिळे. तेव्हा 'लोक अज्ञानाने खातात' असे शहरात बसून म्हणणे आम्हांस पटत नाही. १९४२ साली युरोपात, वाप्नियार्का येथील छावणीत, कोंडलेल्या ज्यूंना हेच दाणे खाऊ घातले गेले व शेकडो पंगू झाले. कैद्यांतीलच डॉक्टर आर्थर केसलर यांनी कारण ओळखून सर्वांना सावध केले. छावणी असो की वेठबिगारीचे गाव, ताटात काय पडावे हे जेवणाऱ्याच्या हाती नव्हते.

विष नेमके कोणते, हे १९६४ साली उजेडात आले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, आडिगा व सर्मा यांनी लाखेच्या दाण्यातून ते वेगळे काढले. त्याला 'ओडॅप' म्हणतात. यांपैकी एस. एल. एन. राव यांनी पुढे उस्मानिया विद्यापीठात या विषाचा अभ्यास चालू ठेवला. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी ग्लुटामेट नावाचे द्रव्य वापरतात. ओडॅप त्याचेच सोंग घेते आणि पेशीला इतके डिवचते की ती मरून जाते.

तारनाक्याच्या संस्थेचा जन्मच मज्जातंतूंच्या एका रोगापायी झाला. १९१८ साली कुन्नूर येथे मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीच्या चौकशीसाठी एका खोलीत काम सुरू केले. १९५८ साली हा संसार हैदराबादेस आला. लाख भरपूर गरम पाण्यात काही तास भिजवून ते पाणी ओतून दिले, तर बहुतांश विष निघून जाते, हे येथील संशोधकांनी दाखविले. उपाय सोपा खरा. परंतु दुष्काळात भरपूर पाणी आणि ते तापवायला सरपण कोठून आणावे? शिवाय ओतलेल्या पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वेही जातात.

विक्री रोखणारा नियम १९६१ साली झाला, पण पेरणी चालूच राहिली. तूर किंवा हरभऱ्याच्या डाळीत आणि बेसनात तिची भेसळ करणारेही निघाले. अलीकडे रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी विषाचे वाण निघाले आहेत. थोडीशी लाख इतर अन्नाबरोबर कधीमधी खाल्ल्याने पाय जात नाहीत. धोका आहे तो दोनतीन महिने तीच मुख्य अन्न म्हणून पोटात जाते तेव्हा. सुटी डाळ घेताना मूठभर हातावर पसरून पाहावी. तुरीचा दाणा गोलसर असतो. लाखेचा कोनाकोनांचा, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा एका बाजूस निमुळता. घरात कोणाच्या पोटऱ्या जड होऊन गोळे येऊ लागले, टाच टेकेनाशी झाली आणि ताटात रोज ही डाळ असेल, तर डाळ त्याच दिवशी बंद करावी आणि रोग्याला डॉक्टरकडे न्यावे. पहिल्या काठीच्या आत हे झाले तर बरे.